जड कामाचा दगड

लोहाऱ्याजवळच्या एका शिवारात शरणबसप्पांचं सोयाबीन खुरपायला बायकांची टोळी लागली होती, आणि त्याच रानात चार गडीही खुरपत होते. खुरपं सारखं, तण सारखं, पण गड्यांना पाचशे आणि बायकांना तीनशे. टोळीची म्होरकी शांताक्का. तिनं एका दुपारी मालकांना सरळ विचारलं, असं का?

शरणबसप्पा भला माणूस. त्यांनी कधी कुणाची मजुरी बुडवली नव्हती, आणि कुणी काही विचारलं की उत्तर द्यायचंच, असा त्यांचा खाक्या. बांधावर बसून ते बराच वेळ विचार करत राहिले. वडील असंच देत आले, शेजारी असंच देतात, पण हे काही उत्तर नव्हे हे त्यांनाही कळत होतं. शेवटी ते म्हणाले, "गडी वझं उचलतेत. जड कामाचे पैसे हायेत ते."

"खुरपणीत कुठलं वझं, मालक?" शांताक्का म्हणाली. "आसलं तर आमाला बी द्या. आमी उचलतो."

हे त्यांना पटलं. पंचाईत एवढीच, की रानात वझं नव्हतं. मग न्याय नीट व्हावा म्हणून त्यांनी ओढ्यातला एक काळा दगड ट्रॅक्टरनं आणवला, बांधाच्या टोकाला ठेवला आणि सांगून टाकलं, की जो हा दगड बांधाच्या दुसऱ्या टोकाला नेईल त्याला त्या दिवसाचे पाचशे, मग तो गडी असो की बाई.

दुसऱ्या दिवशी मल्लिनाथ पुढं झाला. गड्यांत तो सगळ्यात धिप्पाड. त्यानं दगड छातीशी धरून उचलला, वाटेत टेकवला, पुन्हा उचलला, कसाबसा पोचवला आणि लिंबाखाली आडवा झाला. बाकीच्या गड्यांचीही तीच गत झाली. शांताक्कानं फडक्याची चुंबळ केली, दोघींनी हात लावून दगड तिच्या डोक्यावर चढवला, आणि पाण्याचा हंडा न्यावा तशी ती चालत गेली. मल्लिनाथनं हरकत घेतली की डोक्यावर न्यायचं ठरलं नव्हतं. शरणबसप्पांनी विचार केला आणि निकाल दिला, की दगड पोचल्याशी मतलब.

मग हे रोजचंच झालं. सकाळी बांधावर रांग लागे. एकानं दगड तिकडं न्यायचा, दुसऱ्यानं इकडं आणायचा. सगळ्यांचं होईस्तोवर ऊन कलायचं आणि खुरपायला कुणाच्या अंगात त्राण उरायचं नाही. तण सोयाबीनच्या वर गेलं. रस्त्यानं जाणाऱ्या जीपा थांबून बघू लागल्या. शरणबसप्पा खुर्ची टाकून बसत आणि सगळ्यांना सारखे पाचशे देत. रान हातचं चाललं होतं, पण मजुरीला आता कारण आहे याचं त्यांना समाधान होतं.

मल्लिनाथ मात्र झुरत होता. बायांना सारखं मिळालं तर गडी असून उपयोग काय, म्हणून गड्यांसाठी वेगळा, मोठा दगड आणा, असा त्यानं मालकांकडं हट्ट धरला. पण त्याची बायको कस्तुराबाई त्याच टोळीत होती. बाजाराच्या दिवशी तिनं पोरांना मटण करून घातलं, त्यालाही वाढलं. त्यानंतर त्यानं मोठ्या दगडाचा विषय काढला नाही.

एका दुपारी शरणबसप्पांची बायको लक्ष्मम्मा भाकरी घेऊन रानात आली. रांग बघून तिनं चौकशी केली. नवऱ्यानं तिला सगळं बैजवार समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि तणाकडं बघितलं.

"दगड हालवून सोयाबीन येतंय का?" ती म्हणाली. "खुरपून येतंय. मग खुरपायचेच पैसे द्या की सगळ्यांना."

शरणबसप्पांनी पुन्हा बराच वेळ विचार केला. यात खोट काढायला त्यांना जागा सापडेना. त्यांनी रांग मोडली, खुरपणीचे सगळ्यांना पाचशे ठरवले, आणि मालकाचं डोकं ठिकाणावर आलं म्हणून बायका हसत रानात शिरल्या. निम्मं पीक वाचलं.

आठवड्याची मजुरी वाटायच्या दिवशी शांताक्काच्या मागं लक्ष्मम्मा उभी होती. शरणबसप्पांना वाटलं, चहा झाला का विचारायला आली असेल.

"मी बी खुरपलंय," ती म्हणाली.

"कवापासून?"

"लगीन झाल्यापासून."

शरणबसप्पांनी बोटांवर वर्षं मोजून बघितली. त्यांनी सध्या एका आठवड्याचे दिले आणि बाकीचं बघू म्हणाले. पैसे कनवटीला लावून ती शांताक्काबरोबर जीपनं लोहाऱ्याच्या बाजाराला निघून गेली. संध्याकाळी शरणबसप्पांनी सकाळची भाकरी खाल्ली, आणि खाता खाता ते पुन्हा विचार करत बसले.