ऐकू येईल असं गाणं

"मानवी कंठापुढे सगळी वाद्यं फिकी आहेत," असं आमच्या गायनवृंदाच्या बाईंनी जाहीर केलं. तेवढ्यात त्यांच्या दिरांनी ट्रॉम्बोन साफ करायला एक फुंकर मारली आणि बाईंचं पुढचं वाक्य कोणालाच ऐकू गेलं नाही.

नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला तीन मिनिटांचं गाणं हवं होतं आणि साथीला दिरांचा बँड घ्यायची अट होती. मागच्या वेळी बँडच्या आवाजात आम्ही नुसतेच ओठ हलवतोय असं लोकांना वाटलं होतं. यंदाही तसंच झालं तर वृंद बंद करायचा, असं बाईंनी ठरवलं होतं.

तालमीत पहिलं गाणं ड्रमने गिळलं, दुसरं ट्रम्पेटने.

"भाऊजी, जरा हळू!"

"वहिनी, हे पितळ आहे, कापूस नाही."

वैतागून बाईंनी तिसरं गाणं काढलं. त्यात बँड सुरुवातीला एकदाच दणकून वाजतो आणि मग गप्प बसतो. आम्ही जीव तोडून गायलो. पहिल्यांदाच आमचा शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू आला, आणि सूरही.

बाईंनी उठून खिडक्या लावून घेतल्या.

"भाऊजी," बाई हळूच म्हणाल्या, "मध्येही थोडं वाजवाल का?"