बाळ बारीक राहावं म्हणून

सातव्या महिन्यातल्या सिमरननं दुसऱ्या भाकरीला हात घातला, की ताहेराबीला चुलीपाशी तहरीम दिसायची. मेलेली लेक, उकिडवी बसलेली, टोपलीकडं बघत. ताहेराबी झटकन सुनेपुढची टोपली ओढून घ्यायची.

"बास. बाळ बारीक राहू दे. बारीक बाळ सुखानं सुटतं."

सासू छळवादी होती असं कुणी समजू नये. सुनेवर तिचा जीव होता, म्हणूनच तर ती तिला अर्धपोटी ठेवत होती. तहरीम ऊसतोडीला गेली असताना फडावरच बाळंतपणात अडली. ऊस वाळू नये म्हणून त्याला न्यायला ट्रॅक्टर वेळेवर हजर. बाईसाठी मात्र बैलगाडी! दवाखाना येण्याआधीच मायलेकरू दोघंही गेली. मूल थोराड होतं, असं सुईण म्हणाली, आणि ताहेराबीनं तेवढंच उराशी धरलं. तहरीम पोटात असताना ताहेराबीच्या सासूनंही तिला असंच बेतानं खायला घातलं होतं.

यंदा ढोकीजवळच्या आरोग्य उपकेंद्रात सिमरनचं वजन बघून सोनाली सिस्टरच्या कपाळाला आठ्या पडल्या. ताहेराबीनं तहरीमचं बाळंतपण आणि सुनेला बेतानं वाढणं सांगून टाकलं.

"तहरीम अंगानं कशी होती, चाची?" सिस्टरनं विचारलं.

"बारकी. माझ्या खांद्याला बी लागत नव्हती."

"लहानपणी खायची काय?"

"फडावर भाऊ आधी जेवायचे. मग उरलं तर ती."

"मग मूल थोराड नसेल, चाची. तहरीमचं कमरेचं हाडच वाढलं नसेल. बाळाला यायला वाट पुरली नाही."

सिस्टर हे अगदी हळू म्हणाली. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर ताहेराबीला बरं वाटलं असतं. घरी येईपर्यंत तिला एकच कळत होतं. पोटात असल्यापासून लेक उपाशी होती, आणि जन्मल्यावर तिला वाढणारा हात आपला होता.

घरी येताच तिनं गरम भाकऱ्या भाजल्या, दूध तापवलं, ताट सुनेपुढं सरकवलं.

"खा गं, पोटभर खा. चुकलं माझं."

सिमरननं चार घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं.

"सिस्टर काय म्हणाल्या, ऐकलं न्हाईस व्हय?"

"ऐकलं, अम्मी. पण भाकरी हातात घेतली की मला भ्या वाटतंय." सिमरन खाली मान घालून म्हणाली, "तहरीमआपा दिसत्यात. तिथं, चुलीपाशी बसलेल्या."

तहरीम चुलीपाशी दिसते, हे ताहेराबीनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.