इल्वाचे बूट आणि माझी गरम हवा

मित्रांनो, मी ओले कपडे वाळवणारे एक जुने कपाट आहे. पत्र्याचा देह, आत आडव्या दांड्या, तळाशी गरम हवा सोडणारा पंखा आणि दाराशेजारी उष्णता कमी-जास्त करण्याची कळ, एवढाच माझा संसार. स्वीडनच्या उत्तरेकडे माझ्यासारखी कपाटे घरोघरी असतात, त्यामुळे माझ्याकडे कोणी नवलाने पाहिले नाही. कारखान्यातून मी थेट लाकूडगिरणीच्या या गावातल्या फुटबॉल क्लबात आले आणि खेळाडूंच्या खोलीत कायमचे राहिले.

क्लबाचे कपडे, चेंडू आणि बूट सांभाळणारी मायकेन हीच माझी खरी मालकीण. तिचा नियम ठरलेला होता. मोजे आणि हातमोजे आत. चामड्याचे बूट आत ठेवायचेच, तर कळ सर्वांत खाली आणि दार उघडे. धाग्यांची लव साचली की ती माझी जाळी काढून झटकत असे. मी अजून चालते आहे याचे कारण ती जाळी आहे. माझा कणखर स्वभाव वगैरे नव्हे.

इल्वा सान्डेलिन शाळकरी असताना प्रथम माझ्यापुढे बसली. तिच्याकडे बुटांचा एकच जोड होता. तो वाळेपर्यंत ती दालचिनीचा बन खात बसायची. पुढे ती दक्षिणेतल्या मोठ्या संघात गेली, देशाचा पिवळा सदरा घालून आघाडीवर खेळली, आणि एका मोठ्या स्पर्धेत तिच्या गोलांनी देशाला उपांत्य फेरीत नेले. गावकऱ्यांनी त्याचे श्रेय आमच्या थंडीला दिले. त्याच थंडीत वाढलेल्या इतर मुलींनी असा एकही गोल केला नव्हता, ही गोष्ट मात्र कोणी विचारात घेतली नाही.

मग तिच्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली, ती पुन्हा खेळली, पुन्हा तुटला. शेवटचा एक हंगाम खेळायला ती आमच्याकडे परत आली. क्लब तळाला होता. अखेरचा सामना जिंकला नाही, तर खालच्या गटात घसरणार होता. उन्हाळ्यापासून इल्वाला एकही गोल करता आला नव्हता. त्या मोठ्या स्पर्धेतले बूट ती अजून वापरत होती. त्यांचे तळ डिंकाने चिकटवलेले होते आणि तिच्या मते तिचे उरलेसुरले नशीब त्यांतच होते.

सामन्याच्या आदल्या दिवशी गारठलेल्या पावसात सराव झाला. प्रशिक्षक होकानने सद्भावनेने तिचे बूट माझ्यात ठेवले, कळ टोकापर्यंत फिरवली, दार घट्ट लावले आणि तो घरी गेला. मी माझे काम केले. गरम हवेला हेतू कळत नाही.

सकाळी मायकेनने दार उघडले. चामडे लाकडासारखे ताठ झाले होते आणि तळ सुटून लोंबत होते.

"हे कोणी केलं?"

"मी," होकान म्हणाला. "चिंब ओले होते गं. म्हटलं, सकाळपर्यंत खडखडीत होतील."

"झाले की! आता लोणी लाव, वर चीज ठेव आणि खा. कुरकुरीत पाव केलास नुसता!"

इल्वा बाकावर बसली होती. "आज मला नाही जमणार," ती हळूच म्हणाली. "माझं सगळं त्या बुटांत होतं."

"हे बघ पोरी," मायकेन तिच्यापुढे उभी राहिली. "शाळेत होतीस तेव्हापासून तुझे बूट मी उलटे करून झटकलेत. वाळू पडली, गवत पडलं, एकदा तर बनचा तुकडा पडला. गोल एकदाही पडला नाही."

कोणीतरी फिस्सकन हसले. ती इल्वाच होती.

राखीव गोलरक्षिकेचे बूट एक माप मोठे होते. इल्वाने मोज्यांवर मोजे चढवले आणि ते घातले. "माझा पाय कुठे संपतो तेच कळत नाहीये."

"समोरच्यांनाही कळणार नाही. पळ!" मायकेन म्हणाली.

सामना मी पाहिला नाही; भिंतीपलीकडचे आवाज तेवढे ऐकले. बराच वेळ नुसता पाऊस आणि होकानचे ओरडणे ऐकू येत होते. अगदी शेवटी असा आरडाओरडा झाला की माझ्या दांड्या थरथरल्या. थोड्या वेळाने दार उघडले आणि चिखलाने माखलेल्या मुली एकमेकींना मिठ्या मारत आत आल्या. क्लब वाचला होता. गोल इल्वाचाच होता, पण तिच्या कपाळावर चेंडूच्या चिखलाचा ठसा होता. गोल डोक्याने झाला होता!

त्यामुळे जुन्या बुटांनी तो झाला असता की नाही, यावर या सामन्यातून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. इल्वाने तो काढलाही नाही. तिने उसने बूट पुसले, आत वर्तमानपत्राचे बोळे भरले आणि ते बाकाखाली, माझ्यापासून दूर ठेवले. मग भिजलेले मोजे माझ्या दांडीवर टाकून कळ स्वतःच्या हाताने खाली आणली आणि क्षणभर तळवा माझ्या दारावर टेकवला. तो तिचा शेवटचा सामना होता. तिचे मोजे वाळवायला मी होते, याबद्दल मी कृतज्ञ आहे.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुमच्यासाठी राबणाऱ्या वस्तूला शुभ किंवा अशुभ म्हणू नका. तिची जाळी झटका, तिला सोसेल तेवढेच तापवा. नशिबाची निगा कोणाला राखता येत नाही, बुटांची येते.