भिंतीला पाठ लावून

मी दिवाण बोलतोय. बोलायची हौस नाही मला, आधीच सांगतो. लाकडानं गप्प पडावं. पण ही तेजल, दुसरीतली पोरगी, शाळेतून आली की माझ्यावर फतकल मारते आणि डोकं खाते. "बाबा म्हणतात, तुझ्यामुळे मी आजारी पडायचे. खरंय का रे?"

नाही गं बाई. ऐक आता.

मी हरसूलचा, जंगलपट्टीतला. तुझ्या आजोबांनी, झुंबर भोयेंनी, पोराच्या लग्नासाठी मला सागाचा करून घेतलं. "हिरामण नाशकात ऱ्हातो, पाव्हणे येतील, बसायला ठसठशीत पायजे," म्हणाले. सुतार रंधा मारता मारता शिव्या घालायचा. माझा स्वभाव तिथलाच असणार.

इथं कॉलनीत, तळमजल्यावर, मला खिडकीखाली ठेवलं. वारा यायचा, बरं होतं. मग तुझं बारसं ठरलं. न्हाणीघराकडच्या भिंतीला ओल धरलेली, काळे ठिपके आलेले. तुझी आई मीना म्हणाली, "अहो, आधी तो गळका पाइप बघा." हिरामण म्हणाला, "ऑफिसातली माणसं येणारेत. दिवाण लाव तिकडं, कोणाला दिसतंय?" लावला. बारसं झालं, पेढे संपले. मला परत खिडकीखाली कोणी नेलं नाही.

तू मोठी झालीस तशी माझ्यावर झोपायला लागलीस. पडू नये म्हणून भिंतीच्या बाजूला. सगळ्या घरांत असंच निजवतात, मायेनंच. भिंतीचा रंग अंगाला लागू नये म्हणून मीनानं मध्ये सतरंजी टांगली. तिच्यामागं बुरशी माजली. ओल्या पोत्यासारखा वास. माझ्या पाठीवर चढत होती, मला कळत होतं. तुझं नाक तिथून वीतभर.

आधी शिंका, मग खोकला, मग छाती भात्यासारखी वाजायला लागली. तुझं दही बंद झालं, केळी बंद झाली. चांगुणा आजीनं गावाहून गोधडी आणली, तर हिरामण म्हणाला, "हिच्यातच धूळ आहे." आजी एवढंच बोलली, "माझी समदी पोरं हिच्यातच वाढली. तूबी." आणि गोधडी काखेत मारून एसटीला गेली.

एकदा मीना माझ्यावर बसून रडत होती. "डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात ओल आहे का. तुम्ही नाही का म्हणालात?"

"मग काय सांगू? जंगलातून आले आणि राहतातही तसेच, असं म्हणू देऊ त्यांना?"

मोठ्यांशी बोलायला मला तोंड कुठलं? करकरलो जोरात. तर हिरामण म्हणाला, "ह्याला कीड लागलीय."

मग एका पावसाळ्यात तुझे ओठ निळे पडले. रिक्षात घालून नेलं. तू दवाखान्यात असताना हिरामण घरी आला आणि रागानं मला ओढून काढलं, "हाच सगळ्याचं कारण!" मागची भिंत तव्याच्या पाठीसारखी काळी. त्यानं तिच्यावर बोट फिरवलं, तेही काळं झालं.

मग त्यानं गुपचूप पाइप बदलला, भिंत खरवडली, गिलावा केला. मला दाराबाहेरच्या ओट्यावर टाकलं. तुझी छाती शांत झाली, पण पुरती नाही. पळालीस की अजून दप्तरातला दम्याचा पंप काढावा लागतो. माझ्या फळ्या फुगल्या त्याचं काही नाही, त्या पंपाचं मात्र वाईट वाटतं. पाहुण्यांना तो अजून सांगतो, "दिवाण कुजका होता. काढला, पोरगी बरी झाली."

भंगारवाला येईल तेव्हा येवो. लोकहो, लेकरू निजवता तिथली भिंत हातानं चाचपा. काळी दिसली तर झाकू नका, आणि डॉक्टरनं विचारलं तर लाजू नका.

माफी मागायची राहिलीय, पोरी. आजीची, तुझी, आणि उरलीच तर माझी. कोणी मागायची, विचारतेस? तुझ्या बापानं. हिरामण झुंबर भोये.