लाय-क्वानचे गुडघे

थिन-सेंगने मडक्याच्या तळाला लागलेला भात चमच्याने खरवडायला घेतला. कोंबडी संपली होती, खाऱ्या माशाचा तुकडा संपला होता, चहाही दुसऱ्यांदा भरून झाला होता. आता एवढंच उरलं होतं.

"पपा, दात पडतील," पुई-यान म्हणाली. "सोड ना ते."

"हाच तर खरा भात. वरचा काय, कुणीही खातं."

"हे मम्मीचं वाक्य आहे. तू तर हा भात कायम तिच्या बाजूला सारायचास."

तो खरवडत राहिला. मागे कोळशाच्या शेगड्यांवर मडकी शिजत होती आणि दारात माणसं टेबल रिकामं व्हायची वाट बघत होती. एक म्हातारी तर थेट पुई-यानच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. रविवारी दुपारी क्वालालंपूरमध्ये जेवायला बसलं की मानेवर असा कुणाचा तरी श्वास लागतोच.

"चल, ऊठ. फोंग आंटीकडे जाऊ."

"आज नको. पोट गच्च झालंय."

"गोडाला जागा होते."

हेही लाय-क्वानचंच वाक्य. पोरीने आईची वाक्यं घेतली होती, आणि ती कुठे वापरायची तेही तिला बरोबर कळत होतं.

रविवारी चूल पेटवायची नाही, हा लाय-क्वानचा लग्नापासूनचा नियम. एका रविवारी सेंतुलला माशाच्या डोक्याचं कालवण, पुढच्या रविवारी इंबीला शेवया, कधी चेरासला बदक. पण जेवण कुठेही झालं तरी गोड मात्र पुडूत, फोंग आंटीच्या दुकानात. "जेवायला गावभर हिंडावं, गोडाला एकच घर असावं," ती म्हणायची, आणि मग थिन-सेंगकडे बघून, "नवऱ्यासारखं. चांगलं असो की वाईट."

ती गेली त्याला अजून शंभर दिवस व्हायचे होते. बापलेकीच्या उजव्या बाहीवर काळ्या कापडाचा छोटा चौकोनी तुकडा टाचलेला होता. सुतक संपेपर्यंत तो काढायचा नसतो.

"पुढच्या वेळी जाऊ," तो म्हणाला.

"पुढच्या वेळी म्हणजे कधी? मी आता नववर्षालाच येणार सिंगापूरहून. तू जातोस ना दर रविवारी एकटा? मग मला न्यायला काय झालं?"

थिन-सेंग उठला. तो पुरता उभा राहायच्या आत म्हातारीने आपली पिशवी त्याच्या खुर्चीवर टाकली.

दुकान गल्लीच्या टोकाला होतं. त्याच्या थोडं अलीकडे एक गॅरेज रविवारचं बंद असायचं. तिथे आल्यावर थिन-सेंगचा हात आपोआप बाहीकडे गेला. त्याने टाचणी काढली, काळा तुकडा दुमडला आणि खिशात घातला. मग त्याच्या लक्षात आलं, आज आपण एकटे नाही.

"हे काय करतोयस?"

"तूही काढ."

"काय?"

"बाहेर आलो की लगेच लाव."

"पपा, मम्मीचं आहे ते."

त्याने गॅरेजच्या कुलपाकडे बघितलं. "आंटीच्या मुलाचं लग्न ठरलंय. दुकानात लाल कागद लावलेत. सुतकी माणसाने तिथे..."

"मग जायचंच नाही. सुतक फिटल्यावर जायचं. त्यात काढायचं काय?"

तिचं बरोबर होतं. ते त्यालाही ठाऊक होतं.

"त्यांना मी सांगितलेलं नाही," तो म्हणाला.

"काय नाही सांगितलंस?"

पुई-यानला समजायला थोडा वेळ लागला.

"मम्मी कुठाय म्हणून विचारत नाहीत?"

"विचारतात."

"आणि?"

"गुडघे दुखतात म्हणून सांगतो."

पुई-यानच्या तोंडून हसल्यासारखा आवाज आला, पण ती हसत नव्हती. "म्हणजे त्यांच्या लेखी मम्मी घरी बसलीय. गुडघे धरून."

तो सांगायलाच गेला होता, त्या पहिल्या रविवारी. वाक्य जुळवून गेला होता. पण दारातूनच त्याला भिंतीवरचे नवे लाल कागद दिसले, शुभविवाहाचे, आणि बाहीवरचा तुकडा त्याने तिथेच घाईघाईने उपटला. फोंग आंटी पातेल्यांमागून म्हणाली, "एकटेच? आंटी कुठे?" लाय-क्वानलाही ती आंटीच म्हणायची. आणि त्याच्या तोंडून गुडघे निघाले. आंटीने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. मग न विचारता काळ्या तिळाची खीर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिली, लाय-क्वानची नेहमीची. पुडकं हातात गरम लागत होतं.

खोटं एकदा बोललं की झालं, असं त्याला वाटलं होतं. ते दर रविवारी नव्याने बोलावं लागलं. घरी तो ती खीर फोटोपुढे ठेवी, आणि उदबत्ती विझली की उभ्याउभ्याच खाऊन टाकी. तीळ त्याला आवडत नसत. पण टाकलेलं तिला चालत नसे.

एक गोष्ट त्याने पोरीला सांगितली नाही. तो रविवारची वाट बघायला लागला होता. एवढ्या मोठ्या शहरात एकच माणूस असं होतं, जे लाय-क्वान घरी पाय पसरून बसली असावी तसं तिच्याबद्दल विचारायचं.

पुई-यानने पर्समधून जॅकेट काढलं, मॉलमधल्या गारठ्यासाठी ठेवलेलं. ते घालून तिने चेन गळ्यापर्यंत ओढली.

"काढणार नाही," ती म्हणाली. "झाकते."

"अगं बाई, पुई-यान!" फोंग आंटी पळीसकट पुढे आली. "सिंगापूरवाले जेवायला घालतात की नुसतं राबवतात? हाडं मोजता येतील! आणि या उकाड्यात हे काय घातलंयस? ताप आहे का?"

"बसमध्ये फार गार होतं, आंटी."

"बस कधीच गेली. काढ की."

"राहू दे."

आंटीने आणखी आग्रह केला नाही. गल्ल्यावर तिचा नवरा नेहमीसारखा पेपरात डोकं घालून बसला होता. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय तो कुणाचे पैसेसुद्धा घेत नाही, असं लाय-क्वान त्याला चिडवायची. त्याने चष्म्यावरून बघून मान हलवली.

थिन-सेंगपुढे शेंगदाण्याची वाटी आली, पुई-यानपुढे आल्याच्या पाकातला टोफू. पंखा पातेल्यांकडे तोंड करून होता. पुई-यानच्या कपाळावरून घाम ओघळून भुवईत थांबला. तिने तो पुसला नाही. थिन-सेंगला तिच्याकडे बघवेना. भिंतीवरच्या लाल कागदांकडेही बघवेना. तो वाटीत बघत राहिला.

आंटी फडकं घेऊन आली आणि स्वच्छ असलेलं टेबल पुसू लागली.

"आंटीचे गुडघे काय म्हणतात, अंकल?"

दर रविवारी तो लगेच उत्तर द्यायचा. आज चमचा वाटीतच राहिला. आंटीचं फडकं थांबलं.

"कालपासून बरे आहेत," पुई-यान म्हणाली. तिने मान वर केली नाही. "मी तेल लावून दिलं."

"हं," आंटी म्हणाली. तिची नजर जॅकेटच्या चेनवर गेली, तिथून पुई-यानच्या उजव्या बाहीवर. "लेकीचा हात लागला ना. मग बरे होणारच." आणि ती वळून झपझप पातेल्यांमागे गेली.

थिन-सेंग वाटीत चमचा फिरवत राहिला. इतके दिवस तो एकटा खोटं बोलत होता. आता पोरगीही बोलली होती, तिच्या आईबद्दल, त्याच्यासाठी. आणि त्याच्यापेक्षा चांगलं.

निघताना आंटीने तिळाच्या खिरीचं पुडकं पुई-यानच्या हातात दिलं.

गॅरेजपाशी येताच पुई-यानने जॅकेट ओरबाडून काढलं. ब्लाउज पाठीला चिकटला होता. ती रडते की काय म्हणून तो दुसरीकडे बघत उभा राहिला. ती रडली नाही. ती हातातल्या पुडक्याकडे बघत होती.

"हे असंच बांधतात?"

"कसं?"

"दोऱ्याने. आधी रबर लावायचे. मम्मीने एवढा मोठा गोळा केलाय त्या रबरांचा, ड्रॉवरमध्ये."

"संपले असतील." त्याने त्याच ड्रॉवरमध्ये, त्या गोळ्याशेजारी, हे दोरे गुंडाळून ठेवले होते. लाय-क्वानने ठेवले असते तसेच.

"पपा, नीट बघ ना." तिने पुडकं त्याच्या डोळ्यांपुढे धरलं. "असाच लाल दोरा मी स्वतः वाटलाय. मम्मीच्या वेळी. टोपली मांडीवर घेऊन दारात मीच बसले होते."

त्याला टोपली आठवली. प्रेताला नमस्कार करून निघालेला प्रत्येक जण तिच्यातून एक लाल दोरा आणि एक गोड गोळी उचलायचा. दोरा बोटाला बांधायचा, म्हणजे मरण पाठोपाठ घरी येत नाही.

"मम्मी गेल्याचं आपण पेपरात दिलं होतं," पुई-यान हळू म्हणाली. "फोटोसकट."

थिन-सेंगला गल्ल्यावरचा चष्मा आठवला. मग पहिला रविवार आठवला. आंटीचा हात रबराच्या डब्यात गेला होता. तिथून तो रिकामाच बाहेर आला, आणि तिने वाकून खालचा खण उघडला होता. रबर संपले नव्हते. डबा भरलेला होता. त्याने तो बघितला होता.

एवढे सगळे रविवार, आणि तिने एकदाही त्याला खोटं पाडलं नव्हतं. पोराच्या लग्नावर मरणाची सावली नको म्हणून एक दोरा बांधून टाकला होता, आणि गुडघे कसे आहेत ते विचारलं होतं.

त्याने खिशातून काळा तुकडा काढला. टाचणी बाहीत शिरेना. पुई-यानने पुडकं पायाशी ठेवलं आणि ती लावून दिली.

"मी येऊ?"

"नको."

तो परत गेला आणि उंबऱ्याबाहेर थांबला. आत पाऊल टाकलं नाही. आंटी त्यांचंच टेबल पुसत होती. तिने वर बघितलं. तिची नजर त्याच्या बाहीवर आली आणि तिथे थांबली. गल्ल्यावरचा पेपर खाली झाला.

"काही राहिलं का, अंकल?"

"हो," तो म्हणाला. पहिल्या रविवारी जुळवून आणलेलं वाक्य आता आठवत नव्हतं.

आंटी फडक्याला हात पुसत दारापर्यंत आली. ती उंबऱ्याच्या आत, तो बाहेर. मागे पातेल्यात काहीतरी खदखदत होतं. ती तिकडे गेली नाही.

"आंटीचे गुडघे?" तिने हळूच विचारलं.

"आता नाही दुखत," थिन-सेंग म्हणाला.

तिने मान हलवली. मग आत जाऊन एक प्लास्टिकचं स्टूल उचलून आणलं, उंबऱ्याच्या बाहेर, फुटपाथवर सावली बघून ठेवलं, आणि फडक्याने पुसलं.