वीट

माणूस जातो, पण त्याचं कार्य मागे उरतं, असं शोकसभेत कोणीतरी म्हणालं, तेव्हा प्राध्यापकांनी गंभीरपणे मान डोलावली होती. त्यांच्या बायकोचं मागे उरलेलं कार्य म्हणजे गेम कन्सोलमधलं एक शेत होतं. कोबी, गायी आणि एक गाढव. गाढवाला तिने नवऱ्याचं नाव दिलं होतं, हे त्यांना ती गेल्यावर मेहुणीकडून कळलं.

कन्सोलची बॅटरी मेली होती. चार्जर जोडलेला असेपर्यंतच त्यात धुगधुगी. शेत बाहेर काढून दुसरीकडे जपून ठेवायला कंपनीची परवानगी नव्हती; त्यासाठी कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे कन्सोल चालवणारी आतली प्रणाली, हटवून लोकांनी बनवलेलं बसवावं लागणार होतं. प्राध्यापक राज्यशास्त्र शिकवत. सत्तांतर त्यांना पाठ होतं, हाताने कधी केलं नव्हतं.

मेहुणी फोनच्या स्पीकरवर होती. तिने आपल्या कन्सोलवर हा उद्योग आधीच केला होता.

“फाईल सापडत नाही म्हणतोय.”

“मेमरी कार्डावर काय दिसतंय?”

“फोल्डर.”

“आणि त्यात?”

“त्याच नावाचं फोल्डर.”

“भाओजी, डब्यात डबा घातलाय तुम्ही! आतला बाहेर काढा. ताईने उगाच नाही त्या गाढवाला…”

“कळलं.”

आतला डबा बाहेर आला. पडद्यावर नवं फर्मवेअर बसत असल्याची हिरवी पट्टी सरकू लागली. तिकडे स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने धाडकन आपटलं. त्याला काहीतरी टेकू लावा, असं सांगून सांगून बायको थकली होती.

“आता हात लावू नका,” मेहुणी म्हणाली. “शेत निघालं की मलाही पाठवा. ताईचं तेवढंच तर…” पुढचं तिने गिळलं. “जा, चहा करून घ्या.”

संसारभर प्राध्यापकांनी एकाच गोष्टीवरून बोलणी खाल्ली होती. खोलीतून उठताना ते बटणं बंद करत नसत. “वीज काय तीर्थरूपांनी ठेवलीये?” ती विचारायची. ते ऐकल्यासारखं करायचे. ती गेल्यापासून मात्र त्यांच्याकडून एकही बटण चुकलं नव्हतं. शोक करायची दुसरी कुठली रीत त्यांना जमलीच नाही.

ते उठले. पंखा, दिवा, प्लग, सगळं बंद करून चहाला गेले.

परत आल्यावर पडदा काळा होता. प्लग चालू केला, कार्ड काढून पुन्हा घातलं, चार्जर बदलला. काळाच.

“बटण कोणी बंद केलं?” मेहुणीने विचारलं.

“तुझ्या ताईने.”

पलीकडे तिने नाक ओढलं.

“वीट, भाओजी.”

“मलाही आलाय.”

“आला नाही, झाली. भिंतीतली वीट. मधेच बंद पडून निकामी झालेल्या कन्सोलला तसंच म्हणतात.”

“आणि शेत?”

“गेलं.”

कन्सोल आता स्वयंपाकघराच्या दाराला टेकू म्हणून लावला आहे. वजन कमी पडतं. दार आपटतंच.