नळीतला हिरवा रंग

हेडमास्तर सकाळपासून पाण्याच्या वर तोंड काढून होता, आणि शिंप्याचं शिवणाचं मशीन बंद पडून होतं.

हेडमास्तर म्हणजे दादाच्या बागेतल्या तळ्यातला सगळ्यात थोराड मासा. ओठांच्या दोन्ही बाजूंना मिशा, आणि फिरायचा असा की बाकीच्यांनी गुपचूप रांगेत यावं. एरवी तो वर यायचाच नाही. खाणंसुद्धा आपणहून खाली आलं तर खायचा, मानी माणूस. आज मात्र नुसती तोंडाची उघडझाप, आणि मागे सगळी शाळा तशीच.

शिंपी दादाचा धाकटा भाऊ. दादाच्या हृदयाचं ऑपरेशन उद्यावर आलेलं. दवाखान्यात जाताना दादा घराबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. मासे सांभाळ, आणि रोज संध्याकाळी फोनवर मला पाणी सांग, एवढंच. म्हणून शिंपी मशीन उचलून दादाच्या व्हरांड्यात येऊन बसला होता. तळं समोरच. वहिनीने आल्या आल्या बजावलं होतं, डॉक्टरांनी सांगितलंय, ह्यांच्या कानावर वाईट काही जाता कामा नये.

पाणी सांगायचं म्हणजे तपासायचं. काचेच्या नळीत तळ्याचं पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले थेंब टाकायचे, थोडं थांबायचं, मग नळीतला रंग कार्डावरच्या रंगांशी लावून बघायचा. पिवळा आला तर सुखाने झोपा. हिरवा आला तर अमोनिया, म्हणजे माशांच्याच घाणीतून साठणारं विष. जितका गडद हिरवा, तितकं जास्त.

आधीचे दिवस शिंप्याने नळी नुसती झटक्यात बघितली होती. मासे मजेत होते, पोपटीसर दिसलं तरी त्याने पिवळंच धरलं. आज भीतीने नीट बघितलं, तर हिरवं. तळ्याच्या काठावरच उकिडवा बसून त्याने पुन्हा थेंब टाकले. पुन्हा हिरवं.

दादा नळाचं पाणी पिंपात उघडं ठेवून, त्यातलं औषध उडून गेल्यावरच तळ्यात घालायचा. शिंप्याने ते अख्खं पिंप ओतलं. परत तपासलं. रंग जिथल्या तिथे. इतकं चांगलं पाणी घालूनही विष तसूभर हलत नव्हतं.

माशांच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, एवढं हिरवं असेल तर वाट कसली बघता, तळं रिकामं करा, नळ सोडा. शिंपी म्हणाला, नळाच्या पाण्याने मरतात म्हणे. दुकानदार म्हणाला, मरतीलही. पण आहे त्या पाण्यात तर नक्की मरतील.

इकडे आड, तिकडे विहीर. शिंपी तळाच्या बुचाला हात घालून बसला. बूच थोडं सैल केलं, पाणी गुळगुळ करत जायला लागलं. हेडमास्तर त्याच्याकडेच बघतोय असं त्याला वाटलं. संध्याकाळी दादा विचारणार. खोटं सांगितलं तर आवाजावरून ओळखणार. खरं सांगितलं तर... पुढचा विचार त्याच्याने करवेना.

तेवढ्यात वहिनी दवाखान्यातून आली. दादासाठी शिंप्याने पुढून उघडणारे शर्ट शिवले होते, ऑपरेशननंतर डोक्यातून घालता येत नाही म्हणून. त्यातला एक उचलून ती बागेत आली आणि तळ्याच्या छपराशी थांबली.

"भावोजी, पांढरा सांगितला होता ना? हा तर हिरवट दिसतोय."

शिंप्याने मान वर केली. शर्टाची एक बाही उन्हात होती, पांढरीशुभ्र. दुसरी तळ्यावरच्या पत्र्याखाली आली होती, आणि ती हिरवी होती.

तळ्यावर दादाने पक्ष्यांच्या भीतीने हिरवा फायबरचा पत्रा टाकला होता. उजेड त्यातून गाळून यायचा.

शिंप्याने बूच दाबून बसवलं. गिऱ्हाइकाला कापड दाखवताना तो जन्मभर सांगत आला होता, रंग दारात येऊन बघा, आतल्या उजेडावर विश्वास ठेवू नका. आणि दादा रोज नळी हातात घेऊन फाटकापर्यंत जायचा, तेव्हा ह्याला वाटायचं, शेजाऱ्यांना मिरवायला जातोय.

तरी लगेच सुटल्यासारखं वाटून घ्यायला तो धजेना. वहिनीकडून पिण्याचं पाणी मागवलं, दुसऱ्या नळीत घेतलं, तेच थेंब टाकले. पत्र्याखाली तेही हिरवं, कार्डावरचा पिवळा चौकोनसुद्धा हिरवाच. मग दोन्ही नळ्या आणि कार्ड घेऊन तो उन्हात गेला. वहिनीने नळ्यांमागे तो शर्ट धरला. पांढऱ्या कापडावर दोन्ही नळ्या पिवळ्या. कार्डावरच्या पहिल्या चौकोनासारख्या.

"म्हणजे विष नाही?" वहिनीने विचारलं.

"नाही. मग ते वर का आलेत?"

आता खरी भीती वाटली. हिरव्या रंगाला निदान नाव तरी होतं. दिवसभर त्याच्याच मागे लागून त्याने दुसरं काही बघितलंच नव्हतं. आता बघितलं. दगडांवरून पडणारी पाण्याची धार, जिच्यामुळे तळ्यात हवा मिसळायची, ती दोऱ्याएवढी झाली होती. ती धार सोडणारा पंप घरघरत होता, पण पाणी ओढत नव्हता. बटण बंद करून शिंपी खांद्यापर्यंत पाण्यात हात घालून चाचपडला. पंपाच्या तोंडाची जाळी बुळबुळीत कशाने तरी गच्च झाली होती. ओढून काढलं.

पांढरं कातरण. शर्टाचंच. व्हरांड्यातून वाऱ्याने उडालेलं.

वहिनीने ते हातात घेऊन पिळलं. मग म्हणाली, "बरं तरी, कापड चांगल्यातलं घेतलंत."

त्याला हसू आलं नाही. बटण दाबलं, धार धडधडत पडायला लागली. दोघं काठावर उभी राहिली. लहान मासे आधी धारेखाली गेले, मग एकेक करून खाली. हेडमास्तर वरच. कल्ले जोरजोरात हलत होते, अंग एका बाजूला कलत होतं.

फोन वाजला. दादा.

"पाणी?"

"पिवळं," शिंपी म्हणाला. "उन्हात जाऊन बघितलं."

"मग काय अंधारात बघणार? शिंपी ना तू?" मग दादाने विचारलं, "आणि हेडमास्तर?"

शिंपी पाण्याकडे बघत राहिला. मिशा थरथरल्या. तो जड देह सरळ झाला, धारेच्या दिशेने वळला.

"थांब," शिंपी म्हणाला. "बघून सांगतो."